पोहरा मोठा केला तरी आड तोच

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढेमागे सरकवत राहिले की एका जागी तार अचानक उघडते. तोवर कोरडा वाजणारा खर्ज, म्हणजे खालचा षड्ज, झंकारू लागतो (या झंकारालाच जवारी म्हणतात) आणि त्यातून, कुणीही न छेडलेला स्वयंभू गंधार हा उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारा वरचा स्वर, स्वच्छ ऐकू येतो. गाणे शिकणाऱ्या प्रत्येकाने हा क्षण कधी ना कधी अनुभवलेला असतो. म्हणूनच ‘सीडीत तंबोऱ्याचे बारीक उपस्वर हरवतात, ते ऐकायचे तर हाय-रेझोल्यूशन ध्वनिमुद्रणच हवे’ हे विधान आपल्याकडच्या रसिकांना चटकन पटते. मलाही ते बरीच वर्षे पटत होते, आणि त्यापायी मी पैसेही खर्च केले. आज माझे मत वेगळे आहे. घरी बसून संगीत ऐकण्यासाठी सीडीचा दर्जा पुरेसा आहे, त्यापुढचे आकडे कानाला काही वाढवून देत नाहीत. उलट आपले सगळे लक्ष या आकड्यांकडे वळल्यामुळे जुन्या ध्वनिमुद्रणांची जी खरी हेळसांड होते आहे, तिच्याबद्दल आपण प्रश्नच विचारेनासे झालो आहोत.

आधी आकड्यांचा अर्थ पाहू. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी मिळून ठरवलेली सीडी ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली. तिच्यात आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिले जाते. ४४,१०० हा आडनिडा आकडा आला तो त्या काळी डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत असत म्हणून. चित्राच्या एकेका ओळीत तीन मोजमापे बसवली की सेकंदाला नेमकी तेवढी भरत. हाय-रेझ म्हणून जे विकले जाते त्यात हीच मोजणी सेकंदाला ९६,००० किंवा १,९२,००० वेळा होते आणि मोजमाप २४ बिटांचे असते. सीडीच्या दर्जाचे तासभराचे संगीत सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते, तर १,९२,००० आणि २४ बिटांच्या मापाचे तेवढेच संगीत चार गिगाबाइटांच्याही वर जाते. साडेसहा पट जागा घेणारी वस्तू काहीतरी अधिक देत असणार, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

परंतु मोजमापे वाढली म्हणून माहिती वाढतेच असे नाही. हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या निबंधांनी जो नियम पक्का केला तो असा, की एखाद्या लाटेत अमुक एका मर्यादेपलीकडची कंपने नसतील आणि ती लाट त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजली असेल, तर त्या मोजमापांवरून मूळ लाट तंतोतंत परत उभी करता येते. सीडीच्या बाबतीत ही मर्यादा २२,०५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने, अशी आहे. निरोगी तरुण कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि वय वाढत जाते तसतशी ही मर्यादा हळूहळू खाली येते. आता तंबोऱ्याचा हिशेब करून पाहा. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या गायकाचा षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळपास असतो, म्हणजे त्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. ज्या स्वयंभू गंधाराने आपण मोहरून जातो तो या खर्जाचा पाचवा उपस्वर, सुमारे ३४६ हर्ट्झचा. जवारीचा जो झळझळीतपणा आपण ऐकतो तोही काही हजार हर्ट्झच्या टापूतच असतो. खर्जाचे तीनशेहून अधिक उपस्वर सीडीच्या मर्यादेत मावतात, आणि त्यांतला २८८ वा उपस्वर गाठेपर्यंत माणसाच्या कानाची हद्द संपलेली असते. तंबोऱ्याचे कानाला जे काही ऐकू येते ते सगळे सीडीत आहे, अशी ग्वाही हे साधे गणित देते.

जाहिरातींत सीडीची लाट जिन्याच्या पायऱ्यांसारखी आणि हाय-रेझची लाट गुळगुळीत काढलेली असते. हे चित्र दिशाभूल करणारे आहे. पायऱ्या कागदावर दिसतात. वाजवणाऱ्या यंत्राच्या शेवटच्या टप्प्यावर जो फिल्टर असतो त्यातून बाहेर पडणारी लाट अखंड असते, आणि सीडीवरचा १०,००० हर्ट्झचा स्वर लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर पाहिला तर तो नितळ वळणाचाच दिसतो. याच गैरसमजाचे जरा विद्वत्तापूर्ण रूप म्हणजे काळाचा मुद्दा. दोन मोजमापांमध्ये सुमारे २३ मायक्रोसेकंदांचे अंतर असते, आणि दोन कानांवर आवाज पोहोचण्यातला १० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरकही माणसाला जाणवतो, म्हणून तबल्याच्या चाटेवर पडलेल्या ‘ना’ची नेमकी वेळ सीडी पकडू शकत नाही, असा हा युक्तिवाद आहे. एका तबलावादक मित्राने तो माझ्यापुढे मांडला तेव्हा मी निरुत्तर झालो होतो. नंतर समजून घेतले तेव्हा कळले की लाट केव्हा उठली ही माहिती मोजमापांच्या मधल्या फटीत हरवत नाही. लाट किंचित उशिरा उठली तर आजूबाजूच्या सगळ्याच मोजमापांच्या उंची बदलतात, आणि त्या बदलांतून १६ बिटांची सीडी एका नॅनोसेकंदाहूनही कमी फरक नोंदवू शकते. कानाची कुवत त्याच्या हजारो पट ढोबळ आहे.

बिटांचे प्रकरण त्याहून सरळ आहे. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर ठेवता येते, २४ बिटांत १४४ डेसिबलचे. शहरातल्या घरात रात्री पंखा बंद करून, खिडक्या लावून बसले तरी ३० डेसिबलच्या आसपासचा गलबला उरतोच. त्या गलबल्याच्या वर ९६ डेसिबल चढलो तर आपण १२६ डेसिबलवर, म्हणजे कान दुखण्याच्या पातळीवर पोहोचतो. मैफलीतला कुठलाही गायक, मंद्रातल्या कुजबुजीपासून तारसप्तकातल्या पुकारापर्यंत, एवढे अंतर कधीच व्यापत नाही. आणि बाजारातली उत्तम वाजवणारी यंत्रेसुद्धा १२० डेसिबलच्या थोडी पुढे जाऊन थांबतात, त्यामुळे २४ बिटांतले शेवटचे तीन-चार बिट तशीही कोणाच्या घरी वाजत नाहीत.

सिद्धान्त काहीही सांगो, शेवटी कानाने कौल द्यायला हवा, हे म्हणणे मला मान्य आहे. तो कौल घेतला गेला आहे. २००७ साली ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी बॉस्टन परिसरात वर्षभराहून अधिक काळ निरनिराळ्या श्रोत्यांना हाय-रेझ तबकड्या ऐकवल्या. त्याच आवाजाला एका बाजूने थेट आणि दुसऱ्या बाजूने १६ बिट, ४४,१०० च्या अरुंद दारातून नेले होते, आणि कोणते कुठले हे श्रोत्याला सांगितले जात नव्हते. एकूण ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी इतकीच आली असती. या प्रयोगावर मोठा आक्षेप घेतला गेला तो असा, की वापरलेल्या तबकड्यांपैकी काहींचे मूळ ध्वनिमुद्रणच खऱ्या अर्थाने हाय-रेझ नव्हते. आक्षेप रास्त आहे, पण तो कुठे घेऊन जातो ते पाहा: त्या तबकड्या हाय-रेझ म्हणूनच विकल्या गेल्या होत्या, लोकांनी त्या जादा किंमत देऊन घेतल्या होत्या, आणि नुसते ऐकून त्यांतला खोटेपणा कुणाच्याही लक्षात आला नव्हता.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत सबळ पुरावा जोशुआ रीस यांचा आहे, आणि तो बाजूला सारून चालणार नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या या संशोधकाने २०१६ साली असे १८ प्रयोग एकत्र करून त्यांतल्या साडेबारा हजारांहून अधिक फेऱ्यांचा हिशेब मांडला. बरोबर उत्तरांचे प्रमाण आले ५२.३ टक्के, आणि ज्या श्रोत्यांना आधी सराव दिला होता त्यांच्यात ते साठ टक्क्यांच्या आसपास गेले. म्हणजे काहीतरी अगदी सूक्ष्म फरक काही लोकांना काही परिस्थितीत जाणवत असावा, असे संख्याशास्त्र सांगते. तो फरक संगीतातल्या जादा माहितीचा की यंत्रातल्या दोषाचा, हे त्या आकड्यातून ठरत नाही. न ऐकू येणारी अतिउच्च कंपने ॲम्प्लिफायर आणि स्पीकरमध्ये एकमेकांत मिसळून ऐकू येणाऱ्या टापूत नवाच कचरा निर्माण करतात, ही गोष्ट चांगली माहीत असलेली आहे, आणि तसे घडले तर हाय-रेझ वेगळे ऐकू येईल खरे, पण ते अधिक वाईट असेल. माझ्या दृष्टीने महत्त्वाची बाब ही, की शंभरातल्या पन्नासांच्या जागी बावन्न वेळा ओळखता येणारा फरक म्हणजे ‘पडदा बाजूला झाल्यासारखे वाटते’ या वर्णनातला फरक नव्हे.

हे वर्णन मीही केले आहे, आणि ते कसे खोटे ठरले ते सांगायला हवे. आमच्या गाण्याच्या वर्गात जोडीच्या तंबोऱ्यांचे ध्वनिमुद्रण आम्ही ९६,००० आणि २४ बिटांवर केले, आणि त्यावरूनच सीडीच्या मापाची प्रत तयार केली. पहिल्यांदा ऐकताना मूळ फाइल मला स्पष्टपणे मोकळी वाटली. जवारी जास्त रुंद, भोपळ्याची घुमारी जास्त खोल. मित्राने दोन्हींची पातळी मोजली तेव्हा प्रत तयार करताना आवाज अर्ध्या डेसिबलने उतरल्याचे निघाले. एवढा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवत नाही, तो ‘चांगला आवाज’ म्हणून जाणवतो. पातळी सारखी करून, कोणती फाइल वाजते आहे हे झाकून, आम्ही सोळा फेऱ्या घेतल्या. निव्वळ योगायोग नाही असे म्हणायला सोळांतल्या किमान बारा बरोबर यायला हव्यात. माझ्या नऊ आल्या, तबलावादक मित्राच्या सात. डोळे मिटून, श्वास रोखून, तीन-तीन सेकंदांचे तुकडे पुन्हा पुन्हा ऐकूनही माझ्या हाती काही लागले नाही, आणि मघाशी इतकी स्पष्ट ऐकू आलेली ती रुंदी कुठेच नव्हती.

मग हाय-रेझ आवृत्ती खरोखर सरस वाटल्याचे इतके जण सांगतात ते सगळे भ्रमात आहेत का? मुळीच नाही. मेयर आणि मोरान यांनीच नोंदवले होते की त्यांनी वापरलेल्या बहुतेक हाय-रेझ तबकड्या सर्वसाधारण सीडींपेक्षा चांगल्या वाजत होत्या. कारण मास्टरिंग, म्हणजे आवृत्ती काढण्याआधी आवाजावर होणारे शेवटचे संस्करण. चोखंदळ गिऱ्हाइकासाठी काढलेल्या आवृत्तीवर ध्वनितज्ज्ञ अधिक वेळ घालवतो. रेडिओवर आणि मोटारीत उठून दिसावे म्हणून सीडीचा आवाज जसा दाबून, ठोकून एकसारखा मोठा केला जात असे, तसा तो या आवृत्तीत केला जात नाही. तीच काळजीपूर्वक केलेली आवृत्ती सीडीवर उतरवली तर ती सीडीही तितकीच सुंदर वाजते. फरक मडक्यातल्या पाण्याचा असतो आणि आपण श्रेय मडक्याला देतो.

कानावर विश्वासाचा पगडा किती बसू शकतो याचे उदाहरण २०२२ साली अमेरिकेत घडले. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी जुन्या गाण्यांच्या महागड्या एलपी काढते, आणि मूळ टेपवरून थेट, कुठेही डिजिटल टप्पा न येता त्या कापल्या जातात असा तिच्या ग्राहकांचा समज होता. त्या वर्षी कंपनीनेच कबूल केले की २०११ पासून तिच्या अनेक एलपींच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता. मधल्या अकरा वर्षांत जाणकार समीक्षकांनी त्याच एलपींची अस्सल ॲनालॉग आवाज म्हणून मनापासून वाखाणणी केली होती. तो टप्पा उच्च दर्जाचा होता हे खरे, त्यामुळे या प्रकरणातून सीडीबद्दल थेट काही सिद्ध होत नाही. मात्र ‘आमच्या कानाला लगेच कळते’ हा दावा किती जपून करावा, हे त्यातून कळते.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण या विषयात अक्षरशः लागू पडते. जगभरच्या स्टुडिओंत गायकांसमोर उभ्या असलेल्या न्यूमन यू ८७ या मायक्रोफोनची कक्षाच मुळी २०,००० हर्ट्झपर्यंत दिलेली आहे. स्टुडिओतल्या टेपवर ६० ते ७० डेसिबलच्या खाली सूं-सूं सुरू होते. अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या घ्या. त्यांवर सात-आठ हजार हर्ट्झच्या वर मुख्यतः सुईची खरखर आहे. अशा तबकडीची १,९२,००० आणि २४ बिटांची फाइल विकत घेतली तर आपण मोठी किंमत मोजून घेतो ती खरखरीची अतिसूक्ष्म नोंद. काही वेळा तेवढेही नसते. एका संकेतस्थळावरून मी घेतलेला शास्त्रीय गायनाचा हाय-रेझ संग्रह संगणकावर उलगडून पाहिला तेव्हा २२,००० हर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी रेघ होती आणि तिच्या वर शुकशुकाट; म्हणजे सीडीचीच फाइल मोठ्या पेटीत घालून पाठवली होती. हे सर्वस्वी नियमबाह्यही नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाने हाय-रेझची जी व्याख्या केली, तिच्या पोटप्रकारांत सीडीच्या मास्टरवरून केलेल्या फाइलींनाही जागा ठेवलेली होती.

मोठ्या आकड्यांना कुठेच स्थान नाही असे माझे म्हणणे नाही. ध्वनिमुद्रण करताना २४ बिट हवेतच. गायक पुढच्या क्षणी किती चढेल ते कुणालाच ठाऊक नसते, म्हणून पातळी खाली ठेवून मुद्रण करावे लागते, आणि नंतर ती वर आणताना तळाचा गोंगाट वर येऊ नये यासाठी ती जादा जागा कामी येते. जुन्या तबकड्या आणि टेप जतन करतानाही तसेच आहे. ध्वनिसंग्रहालयांच्या आयासा या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८,००० आणि २४ बिटांची, आणि शक्यतो ९६,००० ची आहे. त्यालाही कारण आहे: तबकडीवरच्या ओरखड्याचा ‘टक्’ असा आवाज जितका बारकाईने नोंदला जाईल तितका तो संगणकाला गाण्यापासून वेगळा ओळखता येतो. ही कारागिराची गरज झाली. सुताराला रंधा लागतो म्हणून पाटावर बसणाऱ्यालाही तो लागतो असे नाही.

आणि कारागिरी कुठे लागते? एकदा मैफलीची एक जुनी कॅसेट संगणकावर उतरवत होतो. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येत होता, तंबोरा तर जवळजवळ नव्हताच. टेप झिजली असावी असे गृहीत धरून मी सोडून देणार होतो. कॅसेट मुद्रित करणाऱ्या यंत्राच्या हेडचा (टेपला टेकून आवाज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागाचा) कोन आणि माझ्या यंत्राच्या हेडचा कोन जुळत नसेल तर वरचे स्वर असेच मरतात, हे एका जाणत्या तंत्रज्ञाने सांगितले. हेडच्या शेजारचा बारीकसा स्क्रू चालू टेपवर, कान देऊन, पाव फेरा फिरवला आणि तंबोरा समोर येऊन बसला. सुताचा दोरा जागेवर बसावा तशीच तार उघडली. लाखो रुपयांच्या यंत्राने आणि कितीही बिटांनी जे साधले नसते ते एका स्क्रूने साधले, आणि हा फरक ओळखायला सोळा फेऱ्यांची गरज नव्हती. शेजारच्या खोलीतून आईने विचारले, ‘दुसरी कॅसेट लावलीस का?’

वेगाचेही तेच. ‘७८ फेऱ्यांची तबकडी’ असे आपण म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात हा वेग सगळीकडे सारखा नव्हता. साडेत्र्याहत्तर फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरवर वाजवली तर काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते, तान सहा टक्क्यांनी जलद धावते आणि भारदस्त गळा पातळ होतो. एखाद्या थोर गायकाची पट्टी कोणती, त्याची तान किती जलद, या आपल्या समजुती कधी कधी अशा चुकीच्या वेगावर उभ्या असतात. खरखर काढण्याच्या नावाखाली होणारी सफाई हा तिसरा घात. अखंड, एकसारखा वाजत राहणारा तंबोरा संगणकाला गोंगाटासारखाच दिसतो, आणि हात जड पडला की खरखरीबरोबर तोही पुसला जातो. उरतो तो पोकळीत गाणारा आवाज. असे पुनर्मुद्रण २४ बिटांत मिळाले काय आणि सोळांत मिळाले काय.

आजचे बहुतेक ऐकणे बिनतारी हेडफोनवर होते. त्यांसाठीच्या एलडीएसी या वरच्या दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या पद्धतीतही सेकंदाला जास्तीत जास्त ९९० किलोबिट जातात, तर सीडीत १,४११ असतात. गाणी ऐकवणाऱ्या ऑनलाइन सेवांच्या वर्गणीची पातळी निवडताना एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

ग्राहक म्हणून आपण मागावे ते आकडे वेगळे आहेत. हे गाणे मूळ टेपवरून घेतले की कुणाच्या संग्रहातल्या तबकडीवरून, ते कोणत्या वेगाने वाजवले आणि तो वेग कशावरून ठरवला, सफाई किती केली, आणि हे काम कोणी केले, एवढी माहिती प्रत्येक पुनर्मुद्रणासोबत छापलेली असावी. ती छापायला जागा लागत नाही. वेळ मात्र फार उरलेला नाही. मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या जुन्या स्पूल टेपांना बुरशी धरते, काहींवरचा लेप चिकट होऊन हेडवर उतरतो, आणि अशी टेप कधी कधी एकदाच नीट वाजते. ती वाजेल त्या दिवशी यंत्रापाशी बसलेल्या माणसाला हेडचा कोन लावता यावा आणि तंबोऱ्याचा खर्ज ओळखता यावा.